गाठीचा शेजार

आधी निळी करते मी तिला, मग गुलाबी.
मावशीच्या गालातला तुकडा,
मसुरीच्या दाण्याएवढा,
मेणात बसवलेला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेला.
आमच्याकडे काचेवर नाव नसतं, नंबर असतो.
नंबर मीच लिहिला होता, म्हणून कळलं.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
गाठ तर कुणालाही दिसते, तू कडेला बघ.

कडेला धागे विणणाऱ्या पेशी होत्या.
जखमा शिवणं हे त्यांचं जन्माचं काम.
इथेही जखमच असेल म्हणून धावत आल्या
आणि विणत बसल्या, विणतच बसल्या,
गाठीला झोपायला बाज विणून दिली.
राखणीला आलेले तिथलंच मीठ खाऊन
तिथलेच झाले,
आता मागून येणाऱ्यांना बांधावरूनच परत पाठवतात.
रक्ताच्या पाटचाऱ्या फुटल्या होत्या,
वाकड्या, गळक्या,
कुणी न आखलेल्या.

आणि साखर.
मोहफूल सडवायचं तर मडक्याचं तोंड लिंपतात,
हवा लागू नये म्हणून.
ही हवा असतानाही आंबवते.
घाईघाईनं, अर्धवट, निम्म्याहून जास्त वाया घालवत,
आणि आंबट पाणी सोडते शेजाऱ्यांच्या दारात.
त्या आंबटात पहारेकऱ्यांचे हात लुळे पडतात.
काही शेजारी तर तेच पिऊन जगायला शिकतात.

यातलं काही मी मावशीला सांगितलं नाही.
तळ्याच्या पारीवर बसून तिनंच मला सांगितलं.
तोंड दोन बोटं उघडत होतं,
तेवढ्या फटीतून:

"बेशरम तीन डाव उपटली व आमी.
तीनई डाव आली.
उपटनाऱ्याचा दोस नाई, गाळाचा आहे.
धानाचं खत उतरते, सांडवा बुजला,
देवधान गेलं, चिऊल गेली, गाद गेली.
मंग रिकामा गाळ कोनाचा?
आला त्याचा."

मी तिच्या गालाकडे बघत होते.
डावा कोपरा, खालची दाढ.
रोवणीच्या रांगेत दुपारपर्यंत भूक लागू नये म्हणून
तिथे खर्रा बसायचा,
शेजारणीनं आपल्या पन्नीतला काढून दिलेला,
हिनं उद्या तिला द्यायचा.
नाही म्हणणं म्हणजे रांग सोडणं.
बत्तीस वर्षं ओला चुना, सुपारीचा किस,
रोज तीच जागा सोलायची, रोज भरायची.
भरता भरता कडक होत गेली,
पाटीच्या दोरीसारखी.
बी कधी पडलं कोण जाणे.
वाफा आधीच तयार होता.

अहवालात मी लांबी लिहिते, रुंदी लिहिते,
किती खोल, किती जवळ नसेच्या.
गाळाला रकाना नाही.
रांगेला नाही.
चौकातल्या त्या टपरीला तर नाहीच,
जिथे देवाजी, मावशीचा मुलगा,
आजही घोटतो खर्रा, मांडीवर पन्नी ताणून,
आईच्या दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी.

सोमवारी गाल कापतील, कडेसकट.
कड किती घ्यायची यावर डॉक्टर बराच वेळ बोलले.
बोट फिरवत राहिले हवेत,
इथपर्यंत, नाही, इथपर्यंत.

आज शुक्रवार.
ढिवरांच्या बाया कमरेएवढ्या पाण्यात आहेत,
उपटलेल्या बेशरमीच्या जागी
दुसऱ्या तळ्यातून आणलेली चिऊल खोचताहेत,
एकेक मुळी गाळात, टाचेनं दाबून.
मावशी मधोमध. गालाला ओला पदर.
यंदा मासोळी येईल की नाही, कुणी बोलत नाही.
एक बगळा मात्र येऊन उभा आहे,
त्याला काय कळलंय कोण जाणे.

धरेल का व मावशे? मी काठावरून विचारते.
ती वाकलेलीच असते.
"मले काहून इचारतं," म्हणते,
"गाळाले इचार."